माळ्यावरचं रिव्हॉल्वर: नाव नका वाचू, शिक्के वाचा

ठाण्यात चरईतलं आमचं आजोळ पुनर्विकासाला गेलं. बिल्डरला ताबा द्यायच्या आधीचे पंधरा दिवस आम्ही सगळे मिळून माळा उपसत होतो. समया निघाल्या, पाटा-वरवंटा निघाला, साठ सालापासूनची पंचांगं निघाली आणि एका पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर निघालं. मामाने ते घरचा अडकित्ता उचलावा तसं उचललं.

"हे बघ, पणजोबांचं. कलेक्टरसाहेबाने खूश होऊन दिलेलं. अस्सल इंग्लिश माल. लहानपणी आम्ही यानेच चोर-पोलीस खेळायचो."

नळीच्या वरच्या पट्टीवर इंग्रजीत कोरलेलं होतं, 'ब्रिटिश बुल डॉग'. मामाच्या मते याहून वेगळा पुरावा कशाला हवा? त्यातून बाजूला एक छोटासा मुकुटही होता. राणीचा मुकुट, मामा म्हणाला.

मी म्हटलं, "मामा, आधी ते खाली ठेव. नळी भिंतीकडे कर आणि बोट त्या चापापासून लांब घे."

मी शस्त्रांतली तज्ज्ञ वगैरे नाही. बँकेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर अकरा वर्षं काढली, त्यामुळे धातूवरचे बारीक शिक्के भिंगातून वाचायची सवय लागली, एवढंच. पण या रिव्हॉल्वरच्या नादाने जे वाचलं, विचारलं, शिकले, ते लिहून ठेवावंसं वाटतं. कारण ठाण्यातले जुने वाडे आणि चाळी धडाधड पडतायत आणि आमच्यासारखी ट्रंक आणखी कुणाच्या माळ्यावर असणारच.

सर्वात आधी एक गोष्ट. वस्तू कितीही जुनी, गंजलेली, 'खेळण्यातली' दिसो, ती भरलेली आहे असंच धरून चालायचं. आम्ही ती धोतराच्या तुकड्यावर ठेवली ती पुन्हा उचलली नाही. वरची जी बाजू दिसत होती तिचेच टॉर्चच्या तिरप्या उजेडात फोटो काढले. दुसरी बाजू पाहायला मिळाली ती पोलिसांनी येऊन उघडल्यावर. तेव्हा कळलं की पाच खान्यांपैकी एकात काडतूस होतं. पितळेला हिरवा गंज चढलेला, गोळीवर पांढरी भुकटी. मामा मटकन खुर्चीत बसला. चोर-पोलीस खेळताना दरवेळी पोलीस तोच असायचा.

आता ओळख पटवण्याकडे वळू.

पहिला गोंधळ पिस्तूल आणि रिव्हॉल्वर यांचा. बोलताना आपण दोन्हीला पिस्तूलच म्हणतो. रिव्हॉल्वरला मध्ये फिरणारं चक्र असतं, त्यात पाच-सहा खाने, प्रत्येक खान्यात एक काडतूस. आपल्याला ज्याला पिस्तूल म्हणायचंय त्यात काडतुसं मुठीतल्या पट्टीत, म्हणजे मॅगझिनमध्ये, एकावर एक रचलेली असतात. हा फरक ठाणेकराने तरी विसरू नये. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग पिस्तूल होतं, चक्राचं रिव्हॉल्वर नव्हे. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० ला फाशी झाली ती आपल्या ठाण्याच्या तुरुंगात. ब्राउनिंगची ही पिस्तुलं युरोपात बनत ती बेल्जियममधल्या हर्स्टल गावच्या कारखान्यात. हर्स्टल हे लिएज शहराला लागूनच आहे. हे लिएज नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा गोंधळ 'सत्तावन्न सालचं' हा. दर तिसऱ्या घरातलं जुनं हत्यार सत्तावन्नच्या बंडातलं असतं. हे तपासायला एक अगदी सोपी खूण आहे. चक्राची मागची बाजू बघायची. तिथे प्रत्येक खान्यामागे छोटी बोंडं असतील, तर ते ठासणीचं रिव्हॉल्वर. म्हणजे खान्यात पुढून दारू आणि गोळी ठासायची आणि मागच्या बोंडावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा त्या टोपीवर आपटला की ठिणगी. सॅम्युएल कोल्टने अमेरिकेत १८३६ साली ज्याचं पेटंट घेतलं ते याच पद्धतीचं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट अॅडम्सने १८५१ मध्ये आणलेलंही याच पद्धतीचं. त्या साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात कोल्ट आणि अॅडम्स दोघांचाही माल मांडला होता. सत्तावन्न साली हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला असायची ती ही अशी रिव्हॉल्वरं.

बोंडांऐवजी खान्याच्या मागच्या कडेला बारीकशी खाच असेल, तर ते पिनफायर. त्याच्या काडतुसाला बाजूने एक खिळा बाहेर आलेला असे आणि तो त्या खाचेत बसे. फ्रेंच लोकांची ही युक्ती, १८५०-६० च्या दशकांत फार चालली. आणि खाने मागून सरळ आरपार, गुळगुळीत असतील व घोड्याचा किंवा फ्रेममधल्या, म्हणजे सांगाड्यातल्या, पिनेचा ठोका काडतुसाच्या बरोबर मध्यावर पडत असेल, तर ते सेंटरफायर. अशी रिव्हॉल्वरं १८६०-७० च्या दशकांत रूढ झाली. म्हणजे सेंटरफायर रिव्हॉल्वर सत्तावन्नचं असू शकत नाही, मग घरातल्या आजीने कितीही छातीठोकपणे सांगितलेलं असो. आमचं सेंटरफायरच होतं. एक दंतकथा पाच मिनिटांत निकालात निघाली.

त्यानंतर बघायचं ते उघडतं कसं. प्रत्यक्ष उघडायचं नाही हं, नुसतं बघायचं. तीन प्रकार आहेत. एकात फ्रेम अखंड असते आणि उजव्या बाजूला चक्रामागे एक छोटं झाकण असतं. ते बाजूला करून एकेक काडतूस घालायचं, आणि रिकाम्या पुंगळ्या दांडीने ढकलून एकेक काढायच्या. दुसऱ्यात रिव्हॉल्वर कमरेत मोडतं. वर घोड्यापुढे एक खटका असतो, तो अंगठ्याने दाबला की नळी पुढे खाली झुकते आणि सगळ्या पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. हा वेब्ली या इंग्लिश कंपनीचा ओळखीचा प्रकार. तिसऱ्यात चक्रच बाजूला बाहेर येतं, जसं हिंदी सिनेमातला इन्स्पेक्टर झटक्यात उघडतो. ही रचना कोल्टने १८८९ मध्ये आणि स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने १८९६ मध्ये बाजारात आणली. तेव्हा चक्र बाजूला येणारं रिव्हॉल्वर कुणी झाशीच्या राणीच्या काळातलं म्हणून दाखवलं तर चहा पिऊन निघावं.

पण एक सावधगिरी इथेही आहे. कमरेत मोडतं म्हणजे जुनंच, असंही नाही. आपल्या सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीने कानपूरला बनवलेलं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर वेब्लीच्याच धाटणीचं आहे, तेही तसंच मोडतं. आजोबांनी नोकरीत असताना रीतसर विकत घेतलेलं असं रिव्हॉल्वर नातवंडांना 'ब्रिटिशांच्या काळातलं' वाटतं.

आता नावांचा घोटाळा. याच्यावर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण माणसं सर्वांत जास्त इथे फसतात.

हत्यारावरचं नाव हे बनवणाऱ्याचंच असेल असं काही नाही. ते दुकानदाराचं असू शकतं. वरच्या पट्टीवर 'मँटन, कलकत्ता' किंवा 'आर्मी अँड नेव्ही' असं कोरलेलं असेल तर ते विकणाऱ्याचं नाव. माल बर्मिंगहॅमहून किंवा बेल्जियमहून आला आणि दुकानाने आपलं नाव घातलं. दादरच्या दुकानाचं नाव साडीच्या खोक्यावर असतं म्हणून साडी काही दादरला विणलेली नसते. कधी कधी नाव काडतुसाचं असतं. स्पेनमधल्या एबार गावात अशी रिव्हॉल्वरं हजारोंनी बनली, ज्यांच्या नळीवर लांबलचक वाक्यात 'स्मिथ अँड वेसनची काडतुसं वापरा' अशा अर्थाचं लिहिलेलं असे. गिऱ्हाईक तेवढेच दोन शब्द वाचायचं. साल वाचतानाही तोच धोका. 'पेटंट' या शब्दापुढचं साल त्या युक्तीचं पेटंट कधी मिळालं ते सांगतं. वस्तू त्यानंतर तीस वर्षांनी बनलेली असू शकते.

आणि कधी कधी नाव हे निव्वळ जातीचं असतं. बुल डॉग हे त्यातलं. बर्मिंगहॅमच्या वेब्लीने १८७२ साली आखूड नळीचं, खिशात मावेल असं जाडजूड रिव्हॉल्वर काढलं आणि त्याला 'ब्रिटिश बुल डॉग' नाव दिलं. ते इतकं खपलं की बेल्जियम, स्पेन, अमेरिका, सगळीकडे त्याच्या नकला निघाल्या आणि नकला करणाऱ्यांनी नावही जसंच्या तसं उचललं. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली तीही याच जातीच्या रिव्हॉल्वरमधून. आपल्याकडे झेरॉक्स हे जसं यंत्राचं नाव न राहता कामाचं नाव झालं, तसं बुल डॉगचं झालं. त्यामुळे 'ब्रिटिश' हा शब्द कोरलेला असणं, हा ते ब्रिटिश असल्याचा पुरावा अजिबात नाही. उलट मला तर वाटतं, ज्याला ओरडून सांगावं लागतं त्याच्याकडे जरा संशयानेच बघावं.

मग खरं काय मानायचं? शिक्के.

युरोपातल्या बहुतेक शस्त्र बनवणाऱ्या देशांत नियम असा की नळी आणि चक्र विकायच्या आधी सरकारमान्य परीक्षागृहात न्यायचं. तिथे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात. नळी फुटली नाही, चिरली नाही, तर त्यावर ठसा मारतात. त्याला प्रूफ मार्क म्हणतात. सोन्यावरचा हॉलमार्क आठवा. हॉलमार्क दागिना कुणी घडवला ते ठरवत नाही, तो तपासला गेला आणि कसाला उतरला हे सांगतो. प्रूफ मार्कचंही तसंच. पण प्रत्येक शहराचा ठसा वेगळा आणि तो काळानुसार बदलत गेला, म्हणून त्यावरून गाव आणि साधारण काळ, दोन्ही कळतात. कारखानदार नाव खोटं घालू शकायचा. परीक्षागृहाचा ठसा खोटा मारणं हा मात्र गुन्हा होता.

इंग्लंडमध्ये अशी दोन घरं, लंडन आणि बर्मिंगहॅम. लंडनच्या बंदूककारांच्या संस्थेला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने आलं. बर्मिंगहॅमच्या जुन्या ठशात एकमेकांवर आडवे टाकलेले दोन राजदंड आणि वर मुकुट असतो. १९०४ नंतरच्या ठशांत मुकुटाखाली बी-पी, बी-व्ही, एन-पी अशी अक्षरजोडी येते. एन-पी म्हणजे धूर न करणाऱ्या नव्या दारूसाठीची परीक्षा. पुढे विसाव्या शतकात परदेशी माल इंग्लंडमध्ये आला की त्यावर 'नॉट इंग्लिश मेक' असा सरळसोट ठसाही मारत. इतका प्रामाणिकपणा मला फार आवडला.

बेल्जियममधलं परीक्षागृह लिएजला. त्याचा ठसा म्हणजे एक लंबगोल आणि त्यात ई-एल-जी ही तीन अक्षरं, खाली छोटी चांदणी. १८९३ पासून या लंबगोलावर मुकुट आला. त्याच्या आसपास एक खांबासारखं चित्र असतं, ते लिएजच्या चौकातल्या स्मारकस्तंभाचं. शिवाय एखाद्या अक्षरावर चांदणी दिसली तर तो तपासनिसाचा ठसा, १८७७ नंतरचा. त्याआधी तिथे चांदणीऐवजी मुकुट असे. आणि मुकुटाखाली आर दिसला तर नळीला आतून पीळ आहे, ही १८९४ पासूनची खूण.

आता आमचं रिव्हॉल्वर. चक्रावर भिंग धरलं तर मामाच्या 'राणीच्या मुकुटा'खाली लंबगोल होता आणि लंबगोलात तीन अक्षरं. पहिलं अर्धं पुसलेलं, पण एल आणि जी स्पष्ट. खाली चांदणी. फ्रेमवर खांब. नळीच्या खालच्या कडेला मुकुट आणि आर. दिसत होतं तेवढ्यात इंग्लंडचा एकही ठसा नाही. म्हणजे वस्तू लिएजची, १८९४ किंवा त्यानंतरची. मुकुट होता खरा, पण बेल्जियमच्या राजाचा.

मामाला हे सांगणं सोपं नव्हतं. त्याने भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे कलेक्टरने पणजोबांना डुप्लिकेट माल दिला?" मी म्हटलं, डुप्लिकेट नव्हे, परीक्षा उतरलेला माल आहे, फक्त गाव वेगळं. तसं पाहिलं तर कान्हेऱ्यांचं पिस्तूल ज्या पट्ट्यातलं त्याच पट्ट्यातलं तुझं रिव्हॉल्वर. हे त्याला पटलं नसलं तरी आवडलं. संध्याकाळी तलावपाळीवर मित्रांना काय सांगायचं याची त्याची सोय झाली.

पहिलं अक्षर पुसलेलं का होतं, हेही सांगायला हवं. कॉलेजात असताना मामाने एकदा गंज काढायचा म्हणून काचपेपर घासला होता. वीस मिनिटांत त्याने शंभर वर्षांचा पुरावा खरवडून काढला. चक्राच्या त्या बाजूला आणखी एक ठसा असावा असं वाटतं, पण आता तिथे नुसती चकचकीत रेघारेघांची जागा आहे. जुन्या लोखंडावर चढलेला तपकिरी-काळा थर म्हणजे घाण नव्हे. घासू नका, बफिंग करू नका, निकेलचं पॉलिश तर मुळीच नको. संग्राहकाच्या लेखी घासलेल्या वस्तूची किंमत पडते ती पडतेच, पण त्याहून वाईट म्हणजे नंबर पुसला गेला तर तो मुद्दाम पुसला असा संशय येऊ शकतो आणि ते प्रकरण वेगळंच.

नंबरावरून आठवलं. रिव्हॉल्वरवर दोन तऱ्हेचे आकडे असतात. एक अनुक्रमांक, जो परवान्यात नोंदवलेला असतो. दुसरे जुळणीचे आकडे. हाताने घासून बसवलेले भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कारागीर फ्रेम, चक्र, झाकण या सगळ्यांवर एकच दोन-तीन अंकी आकडा टाकत. स्वस्तातल्या बेल्जियन मालावर बऱ्याचदा हेच सापडतात. सगळीकडे एकच आकडा असेल तर भाग मूळचे आहेत असं समजायचं.

लष्करी वस्तू असेल तर गोष्ट निराळी आणि सोपीही. बाणाच्या फाळासारखी तीन रेघांची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. तिच्या जोडीला इंग्रजी आय असेल तर हिंदुस्थान सरकारची. दोन फाळ टोकाला टोक लावून असतील तर तो माल सेवेतून काढून विकलेला. आपल्याकडच्या लष्करी घराण्यांत सापडायची शक्यता जास्त ती वेब्ली मार्क सिक्सची. १९१५ मध्ये ती ब्रिटिश सैन्यात आली. सहा इंची नळी, चौकोनी बुडाची मूठ, खाली दोरी अडकवायची कडी, सहा खाने, कमरेत मोडणारी, आणि अंगावर १९१६, १७, १८ असं ठसठशीत साल. पहिल्या महायुद्धात कुतला आणि बगदादला गेलेल्या मराठा पलटणींच्या काळातली ती हीच. दुसऱ्या महायुद्धातली असेल तर एनफिल्डची अडतीस बोअर किंवा अमेरिकेहून आलेली स्मिथ अँड वेसन, जिच्या नंबराआधी इंग्रजी व्ही असतो, व्हिक्टरीचा व्ही.

सोबत काडतुसं सापडली आणि त्यांच्या बुडावर के-एफ अशी अक्षरं दिसली तर ती आपल्या खडकीची. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. पण एवढ्या जुन्या काडतुसांशी कुतूहल नको. ती वेगळी काढणं, पुसणं, हलवून बघणं, काही नको. शिवाय काडतूस बाळगायलाही परवाना लागतो, नुसत्या एका काडतुसालाही.

हे सगळं कळून उपयोग काय, असं माझ्या नवऱ्याने विचारलं होतं. उपयोग आहे, आणि तो बोअरशी जोडलेला आहे.

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या गोलाचा व्यास, इंचाच्या भागात. आपण 'चारशे पंचावन्न बोअर' म्हणतो तेव्हा तो ०.४५५ इंच असतो, साधारण साडेअकरा मिलिमीटर. बत्तीस बोअर म्हणजे आठ मिलिमीटरच्या आसपास. आपल्या शस्त्र नियमांत सैन्याची काडतुसं चालतील अशी हत्यारं वेगळ्या वर्गात टाकली आहेत. त्यांना प्रोहिबिटेड बोअर म्हणतात. ३८० किंवा ४५५ ची कडवाली, म्हणजे बुडाला कड असलेली, काडतुसं, सैन्याची नऊ मिलिमीटरची, असं काही ज्या रिव्हॉल्वर-पिस्तुलात बसून उडतं ते या वर्गात. अशा हत्याराचा परवाना स्थानिक पातळीवर मिळत नाही, प्रकरण दिल्लीला गृहमंत्रालयाकडे जातं. म्हणजे घरात निघालेलं रिव्हॉल्वर अस्सल वेब्ली मार्क सिक्स असेल तर अभिमान मोठा, पण कागदपत्रांचा डोंगरही तेवढाच. आमचं निघालं बत्तीस बोअर. मामाचं तोंड उतरलं, मला हायसं वाटलं.

कायद्याबद्दल सर्वांत पसरलेला गैरसमज म्हणजे 'शंभर वर्षं झाली की परवाना लागत नाही'. तो बहुधा अमेरिकन व्हिडिओंमधून येतो. तिथल्या कायद्यात १८९९ च्या आधी बनलेलं हत्यार अँटिक धरतात. आपला १९५९ चा शस्त्र कायदा असं वय मोजत नाही. त्याच्या ४५ व्या कलमात जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण कधी? तर जेव्हा ते दुरुस्त करूनही किंवा न करताही बंदुकीसारखं चालूच शकत नाही तेव्हा. 'दुरुस्त करूनही' हे दोन शब्द महत्त्वाचे. घोड्याची स्प्रिंग तुटली म्हणून ते सुटत नाही, कारण स्प्रिंग बदलता येते. आणि चालतं की नाही हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नसतं. वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून नळीत भोक पाडून आणू, हा मामाचा सल्ला त्यामुळेच वाईट होता. बिनपरवाना हत्यार दुरुस्त करणं किंवा त्यात फेरफार करणं हा त्या लेथवाल्याच्याही गळ्यात फास.

शंभर वर्षांचा आकडा येतो तो दुसऱ्याच कायद्यात, १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यात. त्यात शंभर वर्षं जुनी वस्तू पुराणवस्तू ठरते आणि तिची निर्यात करायला बंदी आहे. म्हणजे अमेरिकेतल्या चुलतभावाला आठवण म्हणून पाठवूया, हाही बेत रद्द.

बिनपरवाना रिव्हॉल्वर बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं. वाचून घाबरायला होतं, पण त्याच कायद्याच्या २१ व्या कलमात वाटही दिली आहे. कोणत्याही कारणाने हत्यार जवळ ठेवणं बेकायदा झालं असेल, तर विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं. वारसाला नंतर स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. २०१६ च्या नियमांत वारसासाठी तशी सोय आहे, बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं, हा नियम वारशालाही लागू.

अर्ज कुणाकडे, हे पत्त्यावर ठरतं. ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण हा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तालयाचा. वाशी, नेरूळ, बेलापूर, पनवेलवाल्यांसाठी नवी मुंबईचं आयुक्तालय वेगळं. मुरबाड-शहापूरकडे असाल तर जिल्हाधिकारी.

आमच्याकडे नशिबाने एक चीज होती. त्याच ट्रंकेत, आजोबांच्या पेन्शनच्या कागदांत, परवान्याचं जुनं पुस्तक सापडलं. कापडी बांधणी, आत नूतनीकरणाचे शिक्के, शेवटचा १९७३ चा. आजोबा ७४ मध्ये गेले आणि मग त्या वस्तूची कुणाला आठवणच राहिली नाही. पुस्तकात जांभळ्या शाईत लिहिलं होतं, 'रिव्हॉल्वर, ३२ बोअर, बेल्जियम' आणि पुढे नंबर. म्हणजे आजोबांना सगळं ठाऊक होतं. कलेक्टरची गोष्ट त्यांच्यानंतर कुणीतरी शिजवली. सांगायचा मुद्दा, ट्रंक उपसताना कागद रद्दीत टाकू नका. शंभर शिक्क्यांनी जे कळत नाही ते एका पिवळ्या पुस्तकाने कळतं.

आधी वकिलांचा सल्ला घेतला, मग अर्ज लिहिला. त्यात वस्तू कधी, कुठे, कशी सापडली ते सरळ लिहिलं आणि जुन्या परवान्याची प्रत जोडली. रिव्हॉल्वर पिशवीत घालून रिक्षाने नेलं नाही. अर्ज घेऊन गेलो आणि त्यांनाच घरी यायची विनंती केली. दोन जण आले. एकाने झाकण उघडून चक्र फिरवलं, ते हिरवं काडतूस काढलं, वेगळं गुंडाळलं. दुसरे हवालदार पोच लिहायला बसले.

"वर्णन सांगा," म्हणाले आणि स्वतःच वाचून लिहू लागले, "एक जुने गंजलेले रिव्हॉल्वर, इंग्लिश बनावटीचे."

मी म्हटलं, "साहेब, बेल्जियमचं आहे."

त्यांनी नळीवर बोट ठेवलं. "हे काय, ब्रिटिश लिहिलंय की."

मामा माझ्याकडे बघून मिश्या चोळत हसला. मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं की बनावट कुठली ते सोडा, जे डोळ्यांना दिसतं तेवढं लिहा. त्यांनी लिहिलेलं खोडून पुन्हा सुरुवात केली. भिंग मी धरलं, नंबर मामाने परवान्याच्या पुस्तकातून वाचला. पोचेवर आता आहे ते असं: खाने पाच, बोअर ३२, नळीवर इंग्रजीत 'ब्रिटिश बुल डॉग', चक्रावर मुकुट व त्याखाली लंबगोल, लंबगोलातील पहिले अक्षर घासलेले.